सावजीबरोबर कोणती वाइन?

आमच्या नागपूरच्या झणझणीत सावजी मटणाबरोबर कोणती वाइन घ्यायची, हे तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. लग्नात, लिफ्टमध्ये, भाजीच्या ठेल्यावर, जिथे भेटेल तिथे हाच प्रश्न, आणि विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं की मटण आहे ना, मग रेड. मी नाही म्हटलं की चेहरा पडतो. वर्ध्याचे नातेवाईक तर फोन करून विचारतात, त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी असूनही.

तर नाही, रेड नाही. रेडमधला तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून येतो, त्याला टॅनिन म्हणतात. कमी मसाल्याच्या भाजलेल्या मटणाबरोबर, चरबी आणि प्रथिनांसोबत ते मऊ लागतं, म्हणून युरोपातला तो नियम तिथल्या जेवणाला बरोबरच आहे. आपल्याकडे रश्श्यावर तर्रीचा जाड थर, भिवापूरच्या मिरचीने तोंड आधीच पेटलेलं, त्यावर साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोलची शिराझसारखी रेड घेतली की आग दुप्पट होते. तिखट ज्या नसांना झोंबतं त्याच नसांना अल्कोहोल आणखी हळवं करतं, आणि त्यात टॅनिन कडू लागायला लागतं. शिवाय रेड म्हणे रूम टेंपरेचरला प्यायची. अहो ते टेंपरेचर सोळा-अठरा डिग्रीचं आहे, मे महिन्यातल्या नागपूरचं नाही.

सावजीला थंडगार, थोडी गोडसर, कमी अल्कोहोलची, लाकडी पिंपात न ठेवलेली व्हाइट द्या. नाशिकची गोडसर शेनिन ब्लाँ मिळते, ती चालते. परवडत असेल तर जर्मनीची रीसलिंग काबिनेट, तिच्यात कधीकधी आठ-नऊ टक्केच अल्कोहोल असतं. साखर तिखटाला खरंच आवरते. सांबारवडीला, म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या वडीला, सोव्हिन्यों ब्लाँ, हीसुद्धा व्हाइटच, तिचा हिरवा वास कोथिंबिरीशी जुळतो. संत्रा बर्फीबरोबर वाइन बर्फीपेक्षा गोड हवी, नाहीतर आंबट लागते.

हे सगळं मी इतकं तावातावाने का सांगते, त्याला कारण आहे.

माझ्या मामाचं गोळीबार चौकाकडे सावजी भोजनालय होतं. आजोबा हातमागावर बसायचे, मामा चुलीवर. मी नाशिकहून परत आल्यावर एका मोठ्या हॉटेलने वाइन-डिनर ठरवलं आणि मी मामाचं नाव सुचवलं. लोक आजही म्हणतात, कशाला नेलंस त्याला तिथे. नेलं, कारण त्याच्या हातचं मटण पांढऱ्या टेबलक्लॉथवर जावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि आजही वाटतं. मामा सकाळपासून आला होता, मसाला घरूनच वाटून आणलेला, खसखस, दगडफूल, मिरे, सुंठ, जवसाचं तेलही स्वतःचं. संध्याकाळी मॅनेजर किचनमध्ये आला, चमचाभर चाखलं, खोकला, आणि म्हणाला की तिखट निम्मं करा, वरचं तेल काढा, थोडं क्रीम घाला, कारण रेडच्या पेट्या येऊन पडल्यात आणि या रश्श्यात वाइन कळणारच नाही. मी त्याच्याशी भांडले, वाइन बदला म्हटलं, थंड व्हाइट द्या म्हटलं, तो म्हणाला मेनू छापून झालाय. माझा आवाज चढला तशी सगळी पोरं हातातलं काम थांबवून बघायला लागली. तेव्हा मामा म्हणाला, "राहू दे बाई, तुयं नाव हाय इथं." आणि त्याने स्वतः पळी घेतली, गंजाच्या कडेकडेने तर्री उचलून एका स्टीलच्या डब्यात भरत गेला, हळूहळू, एक थेंब खाली सांडू दिला नाही. लाल रस्सा पिवळट झाला. मग क्रीम त्याने नाही घातलं, ते दुसऱ्याने घातलं.

पाहुण्यांनी कौतुक केलं. सावजी एवढं तिखट नसतंच हो, असं एक बाई मला सांगून गेल्या. मामा तिथे जेवला नाही. डबा घेऊन ऑटोने घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी मी गेले तर एवढंच म्हणाला, "वाइनीपायी मी मटण धुतलं."

त्यानंतर बरेच दिवस मी सगळ्यांना सांगत होते की सावजी आणि वाइन जमतच नाही, बीअर घ्या. ते रागातून होतं. तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं की बीअरचा फेसही तिखटाने पोळलेल्या जिभेला झोंबतोच, आणि एका मॅनेजरवरचा राग अख्ख्या वाइनवर काढायचं कारण नव्हतं. पण ती तेव्हाची मी अजून गप्प बसत नाही. ती म्हणते, ज्या जेवणाला शंभर वर्षांत वाइन लागली नाही त्याला आत्ताच का लागावी? याला माझ्याकडे उत्तर नाही.

मागे मामाकडे गोडसर शेनिन बर्फात ठेवून नेली होती. पूर्ण तर्रीचा रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा. स्टीलच्या ग्लासातून दोन घोट घेऊन तो म्हणाला, "बरी हाय, पण ताकबी चाललं असतं." खरं आहे, चाललं असतं.

आणि शिराझचं म्हणाल तर तिचा माझा हिशोब अजून बाकी आहे. शिराझला जो मिऱ्यांचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या घटकामुळे, आणि काळ्या मिऱ्यांतही तोच असतो. मामाच्या मसाल्याच्या डब्याशेजारी शिराझचा ग्लास धरला की दोन्ही वास एकमेकांत मिसळतात, घोट घेतला की भांडण सुरू. कमी टॅनिनची, कमी अल्कोहोलची, चांगली थंड केलेली एखादी शिराझ मिळाली तर करून बघणार आहे, मामाने मटण करायला हो म्हटलंय, तिखटाला हात न लावण्याच्या अटीवर.