आमची वाटचाल : जिनातला फिटर टिकतो कसा

यवतमाळकडचा जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा, हंगाम दसऱ्यानंतर तापतो अन् होळीच्या मागेपुढे आटोपतो. आमची वाटचाल म्हणजे या धंद्यात माणसं टिकवण्याचीच. मजूर मिळतो, पण डबल रोलर जिनाची, म्हणजे सरकी-रुई वेगळी करणाऱ्या दोन रोलरच्या यंत्राची, सेटिंग जाणणारा फिटर ऐन डिसेंबरात दुसऱ्या जिनात गेला, की आवारात कापसाच्या गाड्या तुंबतात.

म्हणून फिटर घरचाच घडवायचा. पहिल्या हंगामात पोरगा जिनावर कापूस सोडतो आणि ओल ओळखायला शिकतो. ओल 8 टक्क्यांच्या आसपास बरी. 12 च्या वर गेली की रुई नीट सुटत नाही. पुढच्या हंगामात ऑइलिंग, ग्रीसिंग, पट्टे. सेटिंग त्यानंतर. फिक्स नाइफचा, म्हणजे रोलरला टेकलेल्या स्थिर पात्याचा, दाब कमी पडला तर सरकीवर रुई राहते. जास्त झाला तर रोलर तापतो, रुई करपते, आगीचीही भीती. मुव्हिंग नाइफ, म्हणजे सरकी ढकलणारी हलती पाती, चुकीची बसली तर सरकी फुटते. तिचे तुकडे रुईत गेले की 170 किलोची अख्खी गठाण खालच्या भावात जाते. हे चालू जिनावर शिकवता येत नाही. उन्हाळ्यात रोलर उघडून वॉशर बदलताना, खाचा पाडतानाच हात बसतो. शिकणाऱ्याला तेव्हाही पगार द्यावा लागतो, नाहीतर तो बुटीबोरीच्या एमआयडीसीत जातो.

खरी अडचण जुन्या फिटरची. पोरगा तयार झाला तर आपल्याला कोण विचारणार, या धास्तीने तो शिकवत नाही. त्याला शिकवण्याचा भत्ता लावला. पण महिन्याकाठी सरसकट दिला तर शिकवणं नावापुरतं उरतं. पोराने एक जिन एकट्याने लावून दाखवली, सरकी साफ पडली, की मगच भत्ता. पोराचा वाढीव दरही त्याच दिवसापासून. हंगामाअखेरीस बघू म्हटलं, की तो तोवर थांबत नाही.

नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पाठवायला बरेच मालक कचरतात. म्हणतात, कागद हाती आला की पोरगा उडतो. उडतात काही. पण पुढची पायरी अन् तिचा दर आधीच ठरलेला असला, तर राहणारेही असतात. उचल देऊन बांधून ठेवणं मात्र आम्हाला पटत नाही. माणूस रात्रीतून जातो, पैसाही जातो.

सालदाराचं साल पाडव्याला ठरतं. आम्ही फिटर-हेल्परशी दराचं बोलणं तेव्हाच उरकतो, उन्हाळी दुरुस्तीला जिन उघडायच्या आत.