हायडेलबर्गमध्ये भेटलेला म्हस्कोबा

जर्मन शिकणाऱ्याने एकदा तरी ऑगस्ट महिना जर्मनीत काढावा, असं पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या आमच्या जर्मनच्या बाई नेहमी म्हणायच्या. तिथल्या अनेक विद्यापीठांत उन्हाळी सुटीत परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषा आणि संस्कृतीचे वर्ग चालतात. मी हायडेलबर्ग निवडलं. १३८६ साली स्थापन झालेलं हे आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं विद्यापीठ. गाव जेमतेम दीड-पावणेदोन लाख वस्तीचं, नेकार नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. पुण्याच्या माणसाला तर ते एखाद्या पेठेएवढंच वाटतं.

सुरुवातीलाच लेखी चाचणी होते आणि तिच्यावरून तुमचा वर्ग ठरतो. सकाळी व्याकरण आणि संभाषण, दुपारी इतिहास किंवा साहित्य. माझ्या बाकावर जॉर्जियाची एक मुलगी होती आणि पलीकडे जपानहून आलेले निवृत्त शिक्षक. आम्हा तिघांना जोडणारी भाषा जर्मनच, त्यामुळे मधल्या सुटीत तोंड जास्त सुटायचं. दुपारचं जेवण मार्श्टालच्या मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत. तिथे ताट वजनावर मोजून पैसे घेतात. बटाटे आणि उसळीसारखी मसूर घेतली की ताट जड होतं, कोशिंबिरीने हलकं राहतं, हे गणित लगेच जमलं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच ब्रेड-दूध आणून ठेवायचं. डॉइचलंड-टिकीट मात्र नक्की काढा. २०२५ मध्ये ते महिन्याला ५८ युरोंना होतं आणि साध्या रेल्वे, ट्राम, बस सगळीकडे चालतं. फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना नाही.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये तो उद्ध्वस्त केला आणि तो तसाच भग्न ठेवलाय, त्यातच त्याचं देखणेपण आहे. मला जास्त आवडला तो विद्यार्थ्यांचा तुरुंग. दारू पिऊन रात्री दंगा करणाऱ्या पोरांना विद्यापीठ स्वतःच कोंडून ठेवायचं, १९१४ पर्यंत. भिंतीवर, छतावर, जिन्यावर काजळीने काढलेले चेहरे आणि नावं. इंचभर जागा मोकळी नाही.

आमच्या इतिहासाच्या बाई एका दुपारी वर्ग सोडून आम्हाला विद्यापीठाच्या चौकात घेऊन गेल्या. तिथे जमिनीत एक फलक आहे. १७ मे १९३३ रोजी, नाझी राजवटीत, याच जागी पुस्तकं जाळली गेली. पुढे आमच्याकडून त्यांनी हायलिगेनबर्ग टेकडी चढवून घेतली. वर झाडीत नाझींनी १९३५ साली उघडलेलं दगडी प्रेक्षागृह आहे. पायऱ्यांवर बसवून त्यांनी विचारलं, "इथे बसलेला माणूस काय ऐकायला आला असेल?" उत्तर जर्मनमध्ये द्यायचं होतं, पण त्या दिवशी कोणाच्या व्याकरणाकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. आपल्या गावाने केलेलं वाईट कृत्य परक्या विद्यार्थ्यांना इतकं उघडपणे दाखवणं, याचा माझ्यावर खोल परिणाम झाला.

शेवटी प्रत्येकाने एक विषय मांडायचा होता. मी पुरंदर तालुक्यातली आहे म्हटल्यावर बाईंनी मला फॉसश्ट्रासंवरच्या ग्रंथालयात पाठवलं. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ पासूनची, आता ती तिथे आहे. कपाटात गुंथर सोन्थायमर यांचं १९७६ चं जर्मन पुस्तक सापडलं, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं. सोन्थायमर याच विद्यापीठात शिकवायचे, महाराष्ट्रात वर्षानुवर्षं येऊन धनगरांच्या वाड्यांवर बसायचे. पान उलटलं आणि समोर आमचं गाव, वीर! ज्या म्हस्कोबाच्या नावाने आजी "सवाई सर्जाचं चांगभलं" म्हणते, त्याची हकिगत रोमन लिपीत.

त्या वाक्यांची लांबी भयंकर. पण क्रियापद शेवटी येईपर्यंत थांबायची सवय आपल्याला मराठीनेच लावलेली असते, त्यामुळे वाट काढता आली. रोज वर्ग सुटला की कोशासकट तिथे जाऊन बसायचे. ज्या यात्रेला मी लहानपणापासून जातेय, तिच्यातलं किती थोडं मला ठाऊक होतं, ते पानागणिक कळत गेलं. शेतकऱ्यांचा देव आणि मेंढपाळांचा देव यांचं नातं, देवाने भक्तामागून केलेला प्रवास, ओव्यांमधून टिकलेल्या जुन्या वाटा. गावात राहूनही हे कधी कोणाला विचारलं नव्हतं.

वर्गात मी वीरचं देऊळ, कोडीत गावाहून येणारी पालखी आणि गुलाल यांबद्दल बोलले. जपानी आजोबांनी विचारलं, "मेंढरं घेऊन फिरणारे लोक अजून आहेत का? आणि ते गातात का?" फिरणारे आहेत, इतकं सांगितलं. गाण्याचं उत्तर मला घरी आल्यावरच मिळणार होतं.

माघ पौर्णिमेला म्हस्कोबा-जोगेश्वरीचं लग्न लागतं. यंदा रेकॉर्डर घेऊन जाणार आहे. ओव्या गाणाऱ्या दोन म्हाताऱ्या धनगरांचा पत्ता काकांनी मिळवलाय, त्यांच्याकडे एक दिवस आधीच मुक्कामाला जायचं ठरलंय.