घणसोलीतील रस्त्याच्या दोन बाजू

महापे औद्योगिक वसाहतीतील कार्यालयात बदली झाल्याचे पत्र आले, तेव्हा आई आणि मी सांगलीच्या घरात राहत होतो आणि भाडे या शब्दाशी आमचा कधी संबंध आलेला नव्हता. दरमहा १५,००० रुपयांच्या वर जायचे नाही, एवढे एकच ठरवून आम्ही नवी मुंबईत मावसबहिणीकडे उतरलो. पुढचे पाच रविवार घरे पाहण्यात गेले.

आरंभ ठाण्यापासून केला, कारण ओळखीचे बहुतेक लोक घोडबंदर रस्त्यावर राहतात. तेथील भाडी आमच्या आवाक्याबाहेरची तर होतीच, पण घर ते स्थानक या टप्प्याचा वेळ कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. उलव्यात नव्या इमारतीतील प्रशस्त घर बजेटमध्ये बसत होते; मात्र उरण मार्गावरच्या मोजक्या गाड्यांपैकी एक पकडायची, नेरुळला बदलायची आणि पुन्हा घणसोलीपर्यंत यायचे, हे रोज जमणारे नव्हते. ठाणे ते वाशी या ट्रान्स हार्बर मार्गावर २००४ पासून लोकल धावते आणि महाप्याला जाणाऱ्यांसाठी ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे हीच सोयीची स्थानके आहेत. त्यामुळे शोध आपोआप या पट्ट्यात आला.

एजंट भाड्याचा आकडा आधी सांगतो आणि बाकीचे आकडे जिना उतरताना सांगतो, हे आम्हाला दुसऱ्या रविवारी कळले. घणसोलीच्या सेक्टरमधील एका वन बीएचकेचे भाडे २१,००० होते. त्यावर एक लाख डिपॉझिट, एक महिन्याचे भाडे ब्रोकरेज आणि पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, म्हणजे कुलूप उघडण्यापूर्वीच १,४२,००० रुपये. शिवाय करार ११ महिन्यांचा. नूतनीकरणाच्या वेळी ब्रोकरेज पुन्हा द्यावे लागेल का, या प्रश्नावर एजंट नुसता हसला. कोपरखैरण्यात तर एका घरासाठी मी ५,००० रुपये टोकन देऊन बसले आणि तीन दिवसांनी ‘दोघीच राहणार असाल तर कमिटी तयार नाही’ असा निरोप आला. ते पैसे परत मिळायला दीड महिना लागला, तोही आईने रोज एक फोन करण्याचा नेम पाळला म्हणून.

चौथ्या रविवारी सेक्टरमधला रस्ता ओलांडून आम्ही घणसोली गावात शिरलो. एका बाजूला सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आखलेले भूखंड, फाटकावर पहारेकरी, सोसायटीचा फलक. दुसऱ्या बाजूला जेमतेम रिक्षा जाईल अशी गल्ली आणि दोन्ही अंगांनी चार-चार मजल्यांच्या चिकटून उभ्या इमारती. रस्ता ओलांडला की तेवढ्याच आकाराच्या घराचे भाडे १२,५०० वर येते. हा फरक कशाचा, हे समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही, असे मी ठरवले.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची जमीन नवे शहर वसवण्यासाठी संपादित होऊ लागली. मोबदल्याविरुद्धच्या लढ्यात १९८४ साली जासईला गोळीबार झाला, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनातून पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड देण्याची योजना आली. दरम्यान कुटुंबे वाढली, भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि गावठाणात व त्याच्या भोवती लोकांनी गरजेपोटी घरे बांधली. त्यातील अनेक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा अधिकृत दाखला, नाही. त्यामुळे बँका कर्ज देत नाहीत, विक्री सहज होत नाही आणि मालकाला भाडे हाच उत्पन्नाचा मार्ग उरतो. सोसायटी नाही, म्हणून मेंटेनन्स नाही आणि ‘दोघीच का’ हे विचारणारी कमिटीही नाही. लिफ्टही नाही, वाहनतळ नाही आणि उद्या इमारतीला नोटीस आली तर भाडेकरूला विचारणारे कोणी नाही, ही त्याच हिशेबाची दुसरी बाजू. ती मान्य करूनच मी पुढे गेले. हा निर्णय प्रत्येकाला पटेल असे मुळीच नाही.

घराची पारख आईने केली. मी भिंतींचा रंग पाहत होते, तोवर तिने मोरीतला नळ सोडला, संडासात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात उतरते ते पाहिले आणि खिडकीच्या कोपऱ्यातील ओलीवर अंगठा दाबून पापुद्रा सुटतो का तेही तपासले. मग समोरच्या दारात सुके बोंबील निवडत बसलेल्या मावशींना तिने पाण्याची वेळ विचारली. ‘बाय, सकाळी साडेसहाला येतं. तासभर जोर असतो, मग टाकीवर भागवायचं,’ असे उत्तर मिळाले. एजंटने चोवीस तास पाणी असल्याचे सांगितले होते. घर पहिल्या मजल्यावर होते, आईच्या गुडघ्यांना तेवढे चालण्यासारखे होते.

अडले ते करारावर. ‘नोटरी करून देतो ताई, इथं सगळे तेच करतात,’ असे मालक म्हणाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर मालक थोडे सावरून बसले. खरी अडचण निराळीच निघाली. वीजबिल मालकांच्या दिवंगत आजोबांच्या नावावर होते आणि घरपट्टी मालकांच्या आईंच्या. अखेर करारात मालक म्हणून आईंचेच नाव घालायचे ठरले.

मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर मिळून पाव टक्का असते. आमच्या ४०,००० डिपॉझिटसह ते साडेतीनशेच्या आसपास आले, आणि नोंदणी शुल्क १,०००. करार करून देणाऱ्याने ३,५०० मागितले होते. घरी यंत्र घेऊन येण्याचे धरून २,५०० वर तडजोड झाली.

तो मुलगा संध्याकाळी लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र घेऊन आला. माझा ठसा लगेच जुळला. मालकांच्या आईंचा जुळेना. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, प्रत्येक वेळी पडद्यावर लाल फुली. ‘मिठागरात गेली सगळी बोटं,’ आजी म्हणाल्या आणि हात उलटा करून स्वतःच पाहू लागल्या. आईने त्यांना मोरीत नेऊन कोमट पाण्याने हात धुवायला लावले, खोबरेल लावले, पदराने पुसून कोरडे केले आणि पुन्हा यंत्रापाशी आणून बसवले. सातव्या प्रयत्नाला डाव्या हाताचे मधले बोट जुळले. मुलाने ‘झालं’ म्हटले, तरी आजींनी बोट काही उचलले नाही. आईनेच ते हळूच बाजूला घेतले आणि चहा ठेवायला भांडे कुठे आहे, असे त्यांनाच विचारले.