पंपाचे गंजलेले चार नट: माझा अनुभव

गोव्यातल्या मोरजीत विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पंप पावसाआधी उतरवायचा होता. काँक्रीटच्या ओट्यात पुरलेले १० एमएमचे चार बोल्ट, त्यांवर १७ नंबर पान्याचे नट आणि खारा वारा थेट अंगावर. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली फट आतून ठासली जाते. अशा वेळी जोर लावला की नट हलत नाही, बोल्ट पिळतो. इथे बोल्ट तुटला असता तर ओटाच फोडावा लागला असता.

मेन स्विच बंद करून वायर सोडवली. नटाच्या वर आलेले आटे वायर ब्रशने लखलखीत केले. हे टाळलं तर सुटलेला नटही वर येताना अडकतो. विहीर पिण्याच्या पाण्याची, म्हणून तोंडावर ताडपत्री टाकली आणि माडाला करतो तसं प्रत्येक नटाभोवती चिंध्यांचं आळं केलं. तेल वाहून न जाता बुडाशी साचतं.

डब्ल्यूडी-४० हे फवारायचं तेल नावातच (डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’) सांगतं की ते मुळात पाणी हटवायला केलेलं आहे. हलक्या गंजाला चालतं, इथे पुरलं नाही. मग ॲसिटोन आणि गाडीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं घेतलं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. ॲसिटोन तेलाला पातळ करून आत नेतं आणि उडून जातं. रंग, रबर, वायरचं प्लास्टिक त्यापासून लांब ठेवायचं, आणि जवळपास विडीसुद्धा नको.

सकाळ-संध्याकाळ थेंब सोडत दोन दिवस थांबलो. दर वेळी तेल सोडल्यावर नटाच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून समोरच्या बाजूवर छोटे ठोके दिले. त्या हादऱ्यांनी गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. पंपाचा पाय बिडाचा, त्यावर ठोका बसला तर तो सरळ फुटतो.

तिसऱ्या दिवशी सहा कोनी सॉकेट लावलं. बारा कोनी सॉकेट झिजलेल्या नटावर घसरतं. आधी किंचित आवळायच्या दिशेने रेटा दिला, ‘कट्’ असा कोरडा आवाज आला, तेव्हा कुठे उलटं फिरवलं. पाव फेरा सोडायचा, थोडा परत घ्यायचा, तेल, पुन्हा पाव फेरा. तपकिरी लगदा बाहेर येऊ लागला की समजायचं, काम होतंय. एका दमात सोडायला गेलं की तोच लगदा पुढच्या आट्यात जाऊन ठासतो. दोन नट असे निघाले.

तिसऱ्याला आच द्यावी लागली. ॲसिटोनची बाटली दूर नेली, नट पुसून कोरडा केला, तासभर जाऊ दिला. मोटर आणि ज्योतीमध्ये पत्रा धरला. ब्लो टॉर्चची ज्योत आडवी, फक्त नटावर. काँक्रीटला जास्त आच लागली तर त्याचे टवके उडतात. नट तापल्यावर ज्योत विझवून बोल्टच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांत शोषलं गेलं, आणि गरम असतानाच नट फिरला. नट जस्ताचा मुलामा दिलेले असते तर हे केलं नसतं, तो धूर घातक असतो.

चौथ्याचे कोन पार गोल झाले होते. त्याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. हॅकसॉने बोल्टला समांतर, आट्यांना न शिवता उभा काप घेतला, कापात छिन्नी ठोकली, नट फाकला.

आटे साफ करायला बोल्टवरून १० बाय १.५ ची डाय (आटे पाडायचं हत्यार; १० एमएम बोल्ट, दोन आट्यांत १.५ एमएम अंतर) फिरवली, आट्यांत ग्रीस भरलं, नवे नट हातानेच शेवटपर्यंत गेले. पंप परत बसवेपर्यंत वर ग्रीसचा थर आणि प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने बांधून ठेवली आहे.