एस्टीमचं स्टिअरिंग पॉवरवरून मॅन्युअलवर: काम कुठवर आलंय

मॅन्युअल रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा दात्यांचा दांडा, मदतीच्या पंपाशिवायचा) गाडीत बसला, अलाइनमेंट झाली आणि कात्रजचा जुना घाट चढून-उतरूनही झाला. गाडी २००१ ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय, १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन. आधीच्या हायड्रॉलिक, म्हणजे पंपाच्या तेलाच्या दाबाने मदत करणाऱ्या पॉवर रॅकची दोन्ही टोकांची सीलं गेली होती, टोकांवरच्या रबरी आवरणांत (बुटांत) तेल साठत होतं आणि पंपही कण्हायला लागला होता. एस्टीम २००७ च्या अखेरीस बंद झाली, त्यामुळे चांगलं सील किट हाती लागणं आता नशिबाचा भाग. पण कारण तेवढंच नाही. एस्टीमच्याच एलएक्स मॉडेलला पॉवर स्टिअरिंग नव्हतंच आणि मित्राची एक एलएक्स मी पूर्वी पुष्कळ चालवली आहे. चाकाखालचं डांबर संपून खडी कुठे लागली, ते त्या गाडीत तळहाताला कळायचं. ते मला या गाडीत हवं होतं.

हे काम काढलं की पहिला सल्ला ठरलेला: "दादा, पंपाचा बेल्ट काढून टाका, झालं मॅन्युअल! कशाला एवढा खर्च?" कृपा करून हे करू नका. पॉवर रॅकच्या दांड्यावर एक पिस्टन असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेल. पंप चालू असताना हेच तेल पिस्टनला ढकलून तुम्हाला मदत करतं. पंप बंद केला की उलटं होतं, प्रत्येक वळणावर ते तेल तुम्हाला व्हॉल्व्हच्या बारीक वाटांतून हाताने ढकलावं लागतं. सुई बोटाने दाबून धरून सिरिंजचा दट्ट्या रेटावा, तसं. शिवाय पॉवर रॅकचं गिअर प्रमाण बहुधा जलद ठेवलेलं असतं, म्हणजे स्टिअरिंग कमी फिरवून चाकं तेवढीच वळतात. मदत आहे म्हणून ते परवडतं, मदत गेली की तेच जड पडतं. माझदाच्या एमएक्स-५ या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या पिढीत हा फरक सरळ दिसतो: पॉवर रॅक १५:१ (चाक एक अंश वळायला स्टिअरिंग १५ अंश), मॅन्युअल १८:१.

पिनियनमध्ये, म्हणजे रॅकला सरकवणाऱ्या छोट्या गिअरमध्ये, टॉर्शन बार नावाची एक बारीक सळई असते. तुम्ही किती जोर लावताय हे ती थोडीशी पिळली जाऊन व्हॉल्व्हला सांगते. मदत नसताना हा पीळ म्हणजे निव्वळ प्ले: स्टिअरिंग थोडं फिरतं आणि मग चाकं हलतात. म्हणून एमएक्स-५ वाले लोक रॅक उघडून पिस्टनचं सील काढतात आणि टॉर्शन बार वेल्ड करून पिनियन घट्ट करतात. उत्तम वेल्डर असेल तर हा मार्ग चालतो, हे मी मानतो. पण स्टिअरिंगच्या शाफ्टला वेल्डिंगची आच लावणं मला पटत नाही. तिथला पोलाद कडक केलेला असतो आणि तिथे तडा गेला तर दुसरा आधार नाही. म्हणून कंपनीचाच मॅन्युअल रॅक, एलएक्सचा.

तो कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात मिळाला. जुना रॅक घेताना एक गोष्ट नक्की बघा. रॅकचे दात मधोमध जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. पिनियन हाताने फिरवा. मध्ये सैल आणि टोकांना घट्ट लागला, तर रॅक झिजलेला आहे. मधला प्ले घालवायला मागचा ॲडजस्टिंग नट आवळला, तर टोकांना तो अडकणार आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येणार नाही. अपघातातल्या गाडीचा रॅक वाकलेलाही असू शकतो. म्हणून भोसरीच्या एका टर्नरकडे दांडा व्ही-ब्लॉकवर ठेवून वाक मोजणारं डायल गेज लावलं आणि तडे शोधणारी डाय टेस्टही करून घेतली. नवीन बुश, नवीन बूट, लिथियम ग्रीस आणि दोन्ही बाजूंचे टायरॉड एंड (रॅक चाकांना जोडणारे सांधे) नवे. हे सामान नाना पेठेत मिळालं.

बसवताना रॅकचे बोल्ट सोपे, स्टिअरिंग कॉलमचा खालचा क्रॉस, म्हणजे कॉलम पिनियनला जोडणारा सांधा, अवघड. पॉवर आणि मॅन्युअल पिनियनच्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) वेगळ्या असू शकतात, म्हणून रॅकसोबत त्याच गाडीचा क्रॉसही मागून घ्या. रॅक मध्यावर आणायला या लॉकपासून त्या लॉकपर्यंतचे, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे, फेरे मोजून निम्मे परत फिरवायचे. एअरबॅगवाली गाडी असेल तर कॉलम सुटा असताना स्टिअरिंग फिरू देऊ नका, आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली वायर) तुटते. एसीचा कॉम्प्रेसर पंपाच्याच बेल्टवर असेल तर पंप निघाल्यावर छोटा बेल्ट लागतो. पुलींभोवती दोरी फिरवून लांबी आधीच काढा. पंपावरच्या प्रेशर स्विचची वायर मल्टिमीटरने तपासून टेप लावून बांधली. जोर पडल्यावर आयडल वाढवण्यापलीकडे तिला काम नव्हतं.

आता फरक. फक्त अंदाजावर राहायला नको म्हणून स्टिअरिंगच्या कडेला दोरी बांधून स्प्रिंग काट्याने ओढून बघितलं. सिमेंटच्या फरशीवर गाडी उभी, टायर १७५/७० आर १३. पंप चालू असताना काटा तीन किलोच्या आसपास. बेल्ट काढून त्याच रॅकवर वीसच्या वर. एलएक्सच्या रॅकवर बारा-तेरा. आणि गाडी माणसाच्या चालीने सरकायला लागली की चार! म्हणजे उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळायचं नाही, आधी गाडी जराशी सरकू द्यायची. सदाशिव पेठेतल्या पार्किंगला एवढी एक सवय पुरते.

घरात गाडी बायकोही चालवते. तिच्या होकाराशिवाय मी पान्याला हात लावला नसता. बाबांचे खांदे दुखतात, त्यांना ही गाडी आता देत नाही. ज्यांच्या घरी एकच गाडी आहे आणि ती वयस्कर माणसं चालवतात, त्यांनी पॉवर रॅकच दुरुस्त करून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विमा कंपनीला मी बदल लेखी कळवला आहे.

घाटात मात्र मन भरून आलं. दुसऱ्या गिअरमध्ये आखूड वळणावर पुढचं टायर पकड सोडायच्या आधी स्टिअरिंग हातात हलकं होतं. हा इशारा त्या जुन्या रॅकने मला कधीच दिला नव्हता. सरळ रस्त्यावर मधला प्ले शून्य.

बाकी राहिलंय ते असं: आधीच्या मालकाने बसवलेलं स्टिअरिंग ३५० मिमीचं आहे, ते काढून ३८० चं लावायचंय, कारण तरफ वाढली की तेवढाच जोर कमी लागतो. लोअर आर्मचे बुश जुने आहेत, ते बदलल्यावर टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) पुन्हा तपासणार. तोवर पुढच्या टायरमधली हवा दोन पीएसआयने वाढवून बघतोय. एलएक्सचं मूळ स्टिअरिंग चांगल्या अवस्थेत कुणाकडे पडून असेल तर सांगा, पुण्याबाहेरही येऊन घेऊन जाईन.