पूर येतो, मग महाडात राहता कशाला?

गाव महाड म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "अष्टविनायकातलं का?" ते महड, खोपोलीजवळचं. आमचं महाड खाली, पोलादपूरच्या अलीकडे. ही गफलत निस्तरली की दुसरा प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे पूर येतो ना? मग राहता कशाला तिथं?" 2021 नंतर तर लग्नाच्या पंगतीतही हेच. जिलबी संपेपर्यंत उत्तर आटपत नाही, म्हणून मी नुसता हसतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून बैजवार सांगतो.

आधी भरतीचं. सावित्री महाबळेश्वरात उगवते, घाट उतरून पोलादपूरवरून येते. बिरवाडीकडे तिला काळ नदी मिळते आणि महाडच्या अंगणात रायगडाकडून आलेली गांधारी. तिथून पुढे नदी कुठं संपली आणि खाडी कुठं लागली हे बोट ठेवून दाखवता येत नाही. समुद्र बाणकोटला, चाळीसेक किलोमीटरवर. पण त्याचं पाणी चढत चढत आमच्यापर्यंत येतं. जुन्या काळी मोठी गलबतं दासगावला लागायची आणि लहान होड्या भरती धरून महाडला. एका बाजूला खाडी, पाठीशी घाटवाटा, वर शिवाजी महाराजांची राजधानी. इथं बाजारपेठ उभी राहिली नसती तरच नवल. गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांवर चढून खाली पाहा, संगम दिसतो आणि गाव तिथंच का वसलं ते कळतं.

पूरही त्याच भरतीचा. महाबळेश्वरावर आणि रायगडाच्या खोऱ्यात एकदम पाऊस कोसळला, दोन्हीकडचं पाणी उतरलं आणि नेमकी तेव्हाच खालून भरती आली, की त्याला जायला वाट उरत नाही. पात्रात गाळ, मधे बेटं, वाटेत भराव. म्हणून आमच्याकडे जुलैत "इथं किती पडला?" असं कुणी विचारत नाही. "महाबळेश्वरला किती? आणि भरती कितीला?" एवढंच. आई भरती तिथीवरून काढते: तिथीची पाऊणपट, तेवढ्या वाजता समुद्राला भरती, वर यायला आणखी वेळ धरायचा. मोबाइलवर तक्ता आहे, पण तिचा त्याच्यावर विश्वास नाही.

नदीची इशारा पातळी 6 मीटर, धोक्याची साडेसहा. भोंगा झाला की दुचाक्या उंचावर जातात, फ्रिज टेबलावर चढतो, तांदळाचं पोतं माळ्यावर. दस्तुरी नाका, सुकट गल्ली ही नावं बातम्यांत ऐकून तुम्हाला पाठ झाली असतील. बाजारातल्या आमच्या दुकानाच्या फळ्या कमरेच्या वरून सुरू होतात. गिऱ्हाइकाला वाटतं शोभेसाठी. 22 जुलै 2021 ला मात्र त्या फळ्यांचा काही उपयोग झाला नाही. रात्रभर आम्ही माळ्यावर होतो, खाली कपाटं एकमेकांवर आपटत होती. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून डोंगर आला. त्यापुढे आमचा चिखल काय, धुऊन निघाला. ठाण्याचे, नवी मुंबईचे सफाई कामगार आले होते, त्यांचे उपकार.

आता नगरपालिकेचं, कारण पाहुणे लगेच म्हणतात, "पालिका काय करते?" आमच्या पालिकेचं सगळ्यांत मोठं काम पुराबद्दलचं नाही, तळ्याबद्दलचं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा समाजसुधारक सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 च्या ऑगस्टमध्ये झाला. महाड पालिकेनं 5 जानेवारी 1924 ला चवदार तळं खुलं केलं. केलं म्हणजे कागदावर. पुढची तीन वर्षं तिथून एक ओंजळ पाणी उचलायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, मग त्यांच्यावर हल्ला झाला आणि तळ्याचं 'शुद्धीकरण'ही. तेव्हाचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस बाबासाहेबांच्या बाजूचे. तरी 4 ऑगस्ट 1927 ला पालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो 17 मार्च 1937 ला. म्हणजे पाणी पिऊन दहा वर्षांनी.

हे शाळेत आम्हाला फार वरवर सांगितलं. पालिकेचा ठराव मागं घेतल्याचं तर मी मोठेपणी वाचलं, आणि तेव्हापासून गाळाच्या बातम्याही वेगळ्या नजरेनं वाचतो. ठराव आणि अंमल यांच्यातली ती जागा अजून आहे. गाळ कुणी काढायचा, कुठं टाकायचा, पैसे कुणाच्या खात्यातून, यावर कागद फिरतात आणि मृग लागतो. काही वर्षी काढतातही, नाही म्हणत नाही.

राहता कशाला? बाजारपेठ इथं, उधारी इथं, ग्रामदैवत विरेश्वराचा छबिना इथं. भावानं उंचावर घर बांधलंय, आईला तिकडं नेतो म्हणतो. ती जुलैत चार दिवस जाऊन येते. गेल्या खेपेला पुण्याहून मावसभावाचा फोन आला, "मावशी, पाणी किती आलंय?" आई म्हणाली, "ते सांगते. आधी तू पंचांग बघ, आज तिथी कोणती?"