पेन्शन आहे ना, मग नोकरी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत हसून विषय बदलतो. आमच्या साताऱ्याकडं फौजेतून सुटून आलेल्याला हा प्रश्न ठरलेला: "पेन्शन येती, कॅन्टीनचं कार्ड हाय, आता नोकरी कशाला पाहिजे?"

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो तेव्हा वय 42. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. शिपाई म्हणून सुटणारा तर पस्तिशी-छत्तिशीतच घरी येतो. फौज तरुण राहायला हवी म्हणून लवकर सोडतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, आणि पोरांच्या फिया काही निम्म्या होत नाहीत.

मी सिग्नल्समधला, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेतला. लडाखमध्ये पाण्याचा बर्फ व्हायचा तिथं जनरेटर चालू ठेवायचा, केबल टाकायची, तुटली तर रात्री बॅटरी घेऊन शोधायची, हे माझं काम. पुण्यातल्या एका कंपनीला केबलचा माणूस हवा होता. ऑनलाइन फॉर्मात अनुभवाच्या यादीत फौज नव्हतीच, मी 'इतर' निवडलं. मुलाखतीला पोरगेला साहेब. म्हणाला, "काका, सिक्युरिटीत जागा आहे." सिक्युरिटीला नावं ठेवत नाही, माझे कितीतरी दोस्त गेटवरच आहेत. पण फौजी दिसला की गेटच का आठवतं?

दहावी पास आणि 15 वर्षं सेवा झाली की पदवीच्या बरोबरीचा दाखला मिळतो. केंद्राच्या गट-क नोकरीला तो चालतो. खासगीत मात्र मागून-पुढून बघून परत देतात. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के जागा राखीव आहेत, पण परीक्षा द्यावीच लागते. पुस्तक सुटून वीस वर्षं झालेली. सुट्टीत गावी आलो तर ऊस, घराची गळती आणि भावकीचे वाद. अभ्यास कधी करणार?

म्हणून मी म्हणतो, सेवेतली शेवटची दोन वर्षं शिक्षणाला द्या. जवानाच्या ट्रेडची, म्हणजे तो फौजेत करतो त्या कामाची, परीक्षा आयटीआयकडून घ्या आणि कंपनीला वाचता येईल असा कागद द्या. सुटायच्या तोंडावर उरकलेल्या कोर्सनं काही होत नाही.

आणि अग्निवीरांना तर तुमचा प्रश्नसुद्धा लागू नाही. 2022 ची योजना, भरतीच चार वर्षांसाठी. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त 25 ठेवणार, बाकीचे घरी. सेवा निधीचे, म्हणजे सुटताना एकरकमी, पावणेबारा लाखांच्या आसपास मिळतील, पेन्शन नाही. वय बावीस-तेवीस.

भावकीतलं एक पोरगं त्यातच आहे. परवा रात्री फोन आला, "तात्या, कुठला कोर्स करू?" म्हटलं, ट्रेडचा प्रत्येक कागद जपून ठेव आणि डिप्लोमाचा फॉर्म भर.

"भरतो," म्हणाला, "पण इथं नेटवर्क आठवड्यातनं दोनच दिवस असतंय."